चित्रातली बाई काय करतेय? तऱ्हेवाईक आणि स्त्रीवादी चित्रांची सोपी ओळख

एका बाईच्या केसांतून माड उगवलाय. पायांवरचे केस तिने काढलेले नाहीत. मांडीवर कुर्ली, म्हणजे खेकडा, बसली आहे आणि ही बाई निवांत चहा पितेय. ती आपल्याकडे बघत नाही, हसत नाही, कुणाला वाढतही नाही.

असं एखादं चित्र हल्ली मोबाइलवर हमखास समोर येतं. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, कापडी पिशव्यांवर, कॅलेंडरांवरही या बायका येऊन बसल्या आहेत. काही जणांना त्या फार आवडतात, बाकीच्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. काढता येत नाही म्हणून असं काढलंय, की मुद्दाम? आणि यात स्त्रीवाद कुठे आला? आमच्या सिंधुदुर्गात हे सगळे प्रश्न "ह्या काय गो?" एवढ्यात विचारून होतात.

त्यात २०२५ च्या मार्चमध्ये घिबलीची साथ आली. चॅटजीपीटीला फोटो दिला की जपानच्या स्टुडिओ घिबली या ॲनिमेशनपट काढणाऱ्या कंपनीच्या धाटणीचं चित्र मिळायला लागलं आणि नवरा-नवरीपासून गावच्या सरपंचापर्यंत सगळे एकाच गोड चेहऱ्याचे झाले. लोक हौसेने डीपी बदलत होते आणि जगभरचे चित्रकार मात्र संतापले होते. एवढं चिडण्यासारखं काय आहे, हेही अनेकांना उमगलं नाही. ही दोन्ही कोडी एकाच धाग्याने सुटतात. त्यासाठी थोडं मुळापासून सुरू करू.

इलस्ट्रेटर नेमकं काय करतो?

इलस्ट्रेटर म्हणजे गोष्टीसाठी, लेखासाठी, जाहिरातीसाठी किंवा एखादी कल्पना सांगण्यासाठी चित्र काढणारा माणूस. त्याचं चित्र दिवाणखान्यात टांगायला काढलेलं नसतं. ते छापलं जाणार, हजारो हातांत जाणार, हे धरूनच काढलेलं असतं. आपण आयुष्यात जी चित्रं बघतो त्यातली बहुतेक या प्रकारची असतात: पाठ्यपुस्तकातली, दिवाळी अंकातली, हापूसच्या पेटीवरची.

श्रावणात भिंतीवर लागणारा जिवतीचा कागदही त्यातलाच. तो एकदा पूजा बाजूला ठेवून नुसता बघा. वर हिरण्यकशिपूचं पोट फाडणारा नरसिंह. शेजारी कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण. मग अंगाखांद्यावर पोरं घेतलेल्या जरा आणि जिवंतिका. आणि हत्तीवर बसलेला बुध, वाघावर बसलेला बृहस्पती. चार वेगळ्या गोष्टी एका कागदावर दाटीवाटीने बसल्या आहेत आणि मधे कुठेही खुलासा नाही. घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या या कागदाला आघाडा-दुर्वांची माळ घालत आल्या, पण त्याला तऱ्हेवाईक कुणी म्हटलं नाही. अशक्य गोष्टी शेजारी शेजारी ठेवून चित्र काढणं आपल्या डोळ्यांना नवीन नाही, हे आधी नोंदवून ठेवलेलं बरं.

आता शैली. हा शब्द पुढे लागणार आहे. मालवणी मसाल्याचं सामान सगळीकडे तेच असतं, मिरची, धणे, बडीशेप, दगडफूल वगैरे. पण कुणी किती घेतलं, कुठलं आधी भाजलं आणि कुठे हात आवरला, यावर तो मसाला कुठल्या घरातला ते ठरतं, आणि जाणकार नुसत्या वासावरून घर ओळखतो. रेघ, रंग आणि विषय सगळ्या चित्रकारांना सारखेच मिळतात. त्यांतून वर्षानुवर्षं निवडत, टाकत जे एकाच हाताचं होऊन बसतं, ती शैली.

तिचे हात बघा

स्त्रीवादी चित्र म्हणजे मूठ वळलेली बाई आणि वर घोषणा, असा एक समज आहे. तशी पोस्टर असतात, मोर्चात ती लागतातही. पण चित्र स्त्रीवादी आहे की नाही हे ओळखायला घोषणा वाचत बसू नये. चित्रातल्या बाईचे हात बघावेत.

चित्रकार दीनानाथ दलाल मूळचे मडगावचे. १९१६ चा जन्म, १९७१ मध्ये गेले. १९४५ साली त्यांनी 'दीपावली' अंक सुरू केला आणि त्यांची मुखपृष्ठं मराठी घरांत जपून ठेवली गेली. रघुवीर मुळगावकरही गोव्याचेच. या दोघांच्या रेषेवर आणि रंगांवर आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी जीव टाकला, आणि तो योग्यच होता. मीही ते अंक आजही उघडून बसतो. पण त्या काळच्या मुखपृष्ठांवरच्या बायकांच्या हातांत काय असतं? कमळ. वीणा. निरांजन. फुलांची परडी. कमरेवर घागर असते, पण भरलेल्या घागरीने खांदा एका बाजूला उतरतो तो उतरलेला नसतो. हात काहीतरी धरून असतात, काही करत नसतात. बाई चित्रात आहे ती बघितली जाण्यासाठी.

याला एक नाव आहे, 'पुरुषी नजर'. ब्रिटनच्या सिनेअभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ साली सिनेमाबद्दल लिहिताना ही कल्पना मांडली. बघणारा कोणीही असो, कॅमेरा किंवा कुंचला असं गृहीत धरतो की समोर एक पुरुष बसला आहे आणि बाई त्याला दाखवायची आहे. एकदा हे कळलं की मग ते सगळीकडे दिसायला लागतं, आणि थोडा वैतागही येतो.

गोव्यातल्या लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा घ्या. त्यांच्या गोव्याच्या बाजारांच्या चित्रांत मासे विकणाऱ्या बायका, पाववाले पोदेर, पाद्री, पायांत घुटमळणारी कुत्री अशी गर्दी असते आणि त्यातला प्रत्येक जण वेगळा असतो. तीच रेघ ऑफिसात शिरली की मात्र तंग कपड्यांतली सेक्रेटरी मिस फोन्सेका होते, आणि तिच्याकडे वळून बघणारे साहेब. मारिओ माझे अतिशय लाडके. पण बाजारातल्या बाईला त्यांनी हात दिले आणि ऑफिसातल्या बाईला फक्त आकार, हे लाडक्या माणसाबद्दलही म्हणावं लागतं.

किनाऱ्यावरच्या कुठल्याही रिसॉर्टच्या भिंतीवरची कोळीण आठवा. काष्ट्याचं लुगडं, केसांत गजरा, डोक्यावर टोपली, चेहऱ्यावर हसू. आता संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीच्या लिलावाला जाऊन उभे राहा. तिथल्या बाईचे हात बर्फात असतात, टोपलीत असतात, नोटांमध्ये असतात. एका हाताने ती मासळीचं ताजेपण बघते आणि तोंडाने भाव पाडत असते. कानाशी खांद्याने दाबून धरलेला फोन. बोटांना खवलं चिकटलेली. हसायला तिला वेळ नसतो, आणि रिकामी झाल्यावर हसते ते वेगळंच, मोठ्याने. आज एखादी चित्रकार मुलगी या बाईचं चित्र काढते तेव्हा ती खवल्यांसकट बोटं काढते, आणि ती बोटं चित्रात सगळ्यात मोठी असतात. घोषणा एकही नाही. चित्र पूर्ण स्त्रीवादी.

बालभारतीचं उदाहरण अनेकांना आठवत असेल. २०१९ साली दुसरीच्या नव्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, पुरुष इस्त्री करताना दाखवला आणि डॉक्टर बाई दाखवली. वर्तमानपत्रांनी बातम्या केल्या. त्या पानावर 'स्त्री-पुरुष समानता' असं मोठ्या टायपात छापलं असतं तर पोरांनी पाठ करून परीक्षेत लिहिलं असतं आणि विसरली असती. बाबांच्या हातात भाजीची जुडी दिसली, म्हणून घराघरांतून त्यावर बोलणं झालं.

ठीक आहे, पण केसांतून माड कशाला?

हा खरा प्रश्न. खवल्यांची बोटं समजली. पण कुर्ली आणि माड?

जे डोळ्यांना दिसतं ते हुबेहूब काढता येतं. पण कंबरेत दाटून आलेली पाळीची कळ कशी काढणार? रात्री एसटी स्टँडवर एकटीने उभं राहताना पाठीला जे जाणवतं ते? चार माणसांचं बोलणं ऐकत असताना मनात मोकळी सुटलेली भटकंती? तिथे हुबेहूबपणा थकतो आणि चित्रकार प्रमाणं मोडायला घेतो. डोकं लहान, पाय प्रचंड. केसांचं जंगल. सावलीला दात. हा तऱ्हेवाईकपणा म्हणजे आतलं बाहेर काढायचा मार्ग आहे. गंमत म्हणून प्रमाण मोडणं आणि काही सांगायचं म्हणून मोडणं यातला फरक दोन मिनिटं चित्रासमोर थांबलं की बहुधा कळतो.

काही नावं सांगतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

प्रिया कुरियन यांचं एक चित्रपुस्तक आहे, 'अम्माचीज ग्लासेस', तूलिका प्रकाशनाचं, २०१७ चं. त्यात शब्दच नाहीत. एका आजीचा चष्मा सापडत नाही आणि त्यापायी घरभर जो गोंधळ उडतो, तेवढीच गोष्ट. केरळातलं घर, पण भांडी, मांजर, परसातली झाडं सगळं आपल्याकडचं वाटतं. आजी जाडजूड आहे, धडपडते, वस्तूंवर आदळते आणि तरी पूर्ण पुस्तकभर नायिका तीच. म्हाताऱ्या बाईला दयाळू किंवा केविलवाणी न करता विनोदी नायिका करणं किती दुर्मीळ आहे, हे आपली बालपुस्तकं चाळली की लक्षात येतं.

रचिता तनेजा २०१४ पासून 'सॅनिटरी पॅनल्स' नावाची चित्रमालिका करतात. माणसं म्हणजे नुसत्या काड्या, शाळेतल्या पोरानेही काढाव्यात अशा. "याला काय चित्र म्हणायचं?" असं लोक म्हणतात. पण वर पुरुषी नजरेबद्दल जे बोललो ते लावून बघा. काडीच्या बाईला बघायला शरीरच नाही, त्यामुळे उरतं फक्त ती काय बोलते ते. एका रेघेत त्यांनी तो प्रश्नच मिटवून टाकलाय. माझ्या मते अलीकडच्या काळातली ही सगळ्यात हुशार युक्ती आहे.

मुंबईच्या इंदू हरिकुमार लोकांकडून त्यांच्या खऱ्या गोष्टी मागवतात आणि त्यांवरून चित्रं काढतात. प्रेमाबद्दल, डेटिंगबद्दल, आणि एका मालिकेत बायकांच्या स्वतःच्या छातीबद्दलच्या नात्याविषयी. चित्रातली बाई कशी दिसावी हे तिथे तिची तीच ठरवते. मुंबईच्याच मीरा मल्होत्रा यांनी साडीवर एक झीन केलं. झीन म्हणजे स्वतःच छापलेली, स्वतःच वाटलेली छोटी पुस्तिका, मागे ना प्रकाशक ना संपादक. मीरा आणि इतर काही जणींनी २०१६ मध्ये 'कडक' नावाचा दक्षिण आशियाई स्त्री-चित्रकारांचा गट सुरू केला. चहासारखं नाव, आणि चित्रंही तशीच.

मराठीत माधुरी पुरंदरे लिहितातही आणि चित्रंही काढतात. 'राधाचं घर' ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांना सांगायला नको. त्यांच्या चित्रांत केसांतून काही उगवत नाही. तरीही मी त्यांना या यादीत धरतो, कारण त्यांचं घर घरासारखं असतं, पसाऱ्यासकट, आणि माणसं आपापल्या कामात असतात.

या चित्रांचा आता साचाही बनलाय, हेही सांगायला हवं. मिटलेले डोळे, उघडी पाठ, मागे चंद्र, बाजूला मॉन्स्टेरा या कुंडीतल्या शोभेच्या झाडाची फाटकी पानं, खाली इंग्रजीत स्वतःवर प्रेम करण्याचा सल्ला. अशी चित्रं ढिगाने येतात आणि ती कॅलेंडरवरच्या कमळवालीइतकीच गुळगुळीत असतात. फक्त कमळाच्या जागी कुंडी आली. वेंगुर्ल्याच्या मुलीने काढलेल्या बाईच्या केसांत सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, असायचा तिथे मॉन्स्टेरा दिसला की मला वाईट वाटतं. वळेसर घातला म्हणजे लगेच चित्र चांगलं होतं असंही नाही, पण निदान तिने आजूबाजूला बघितलं एवढं तरी कळतं.

"हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे"

हा आक्षेप चार ठिकाणी ऐकला आहे. उत्तर द्यायला मुंबईच्या पलीकडे जायची गरज नाही.

१९८२ साली मुंबईच्या 'संडे ऑब्झर्व्हर'मध्ये मंजुला पद्मनाभन यांच्या चित्रपट्टीतली 'सुकी' यायला लागली. विस्कटलेल्या केसांची, विचारांत गुरफटलेली, लग्नाची वाट न बघणारी तरुणी. तेव्हा इंटरनेट नव्हतं आणि आजच्या चित्रकार मुलींतल्या बऱ्याच जणी जन्मल्याही नव्हत्या.

त्याही मागे जायचं तर कोकणच्या उत्तर टोकाला. डहाणू-तलासरी भागात वारल्यांच्या लग्नघरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने चौक, म्हणजे विधीचं चौकोनी चित्र, लिहितात. चौकात पालघट देवी. लिहिणाऱ्या सवासिनी, आणि विधीची गाणी म्हणणारी धवलेरी, तीही बाईच. म्हणजे आज जगभर कपबशीवर, पडद्यांवर दिसणारी वारली चित्रकला मुळात बायकांच्या हातची. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी वारली पाड्यांवर कागद आणि रंग नेले. कळंबीपाड्याच्या जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाच्या चौकाबाहेरचं सगळं जग त्या कागदावर आणलं: मासे धरायचं जाळं, मुंग्या, धावणारी माणसं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. ते फार मोठे चित्रकार होते, यात दुमत नाही. पण भिंतीवर सही नव्हती आणि कागदावर सही आली. सही आली, बाजार आला, त्याबरोबर प्रवासही आला, आणि नावं बहुतेक पुरुषांची झाली. ज्या बायकांनी चौक लिहिले त्यांच्यापैकी किती जणींची नावं आपल्याला येतात? स्त्रीवादी चित्रकला हा प्रश्न विचारते, आणि तो पालघर जिल्ह्यातच जन्मलेला आहे.

खाली सावंतवाडीला या. गंजिफा, गोल आकाराचे हाताने रंगवलेले पत्ते. दशावतारी संचात १२० पत्ते: दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात बारा. एक ते दहा आकडे, त्यावर प्रधान आणि राजा. राणीचा पत्ता नाही. आणि ही कला बुडता बुडता वाचवली कुणी? सावंतवाडीच्या राणीने. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. सत्वशीलादेवी २०१८ पर्यंत होत्या. ज्या खेळात राणी नाही तो राणीने वाचवला, हे कुठल्या तरी चित्रकार मुलीने अजून पत्त्यावर काढायचं बाकी असेल तर तिने घाई करावी. विषय फुकट आहे.

कुडाळजवळचं पिंगुळी आणखी एक. तिथले ठाकर कलावंत चित्रकथी सांगतात. एकेक चित्र उलटत, गात, रामायण-महाभारतातली कथा पुढे सरकते. चित्रांची ओळ आणि तिला जोडलेला आवाज. याच गावच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आता अमृता पाटील यांच्याकडे बघा. गोव्यात वाढल्या, गोवा कला महाविद्यालयात शिकल्या, २००८ साली त्यांची पहिली ग्राफिक कादंबरी आली. ग्राफिक कादंबरी म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली मोठी, मोठ्यांसाठीची गोष्ट. २०१२ च्या 'आदि पर्व'मध्ये त्यांनी महाभारत सांगायला घेतलं आणि सूत्रधार केलं गंगेला. पिंगुळीपासून हे किती लांब आहे? चित्र उलटतं, कुणीतरी सांगतं. सांगणारी आता बाई आहे, आणि ती कुणाची तरी आईही आहे, सोडून गेलेली आई. तेच प्रसंग वेगळ्या जागी दुखायला लागतात.

पुरुषाने काढलं तर चालत नाही का?

चालतं की. नजर जन्माने येत नाही, सवयीने येते. बायकांनी काढलेल्या कमळवाल्याही पुष्कळ आहेत आणि पुरुषांनी काढलेल्या खवल्यांच्या बोटांच्या बायकाही. हात बघायचे, सही नंतर बघायची. पण बघायची जरूर, वारलीचं काय झालं ते आत्ताच पाहिलं.

"आता एआय मिनिटात काढून देतं, मग चित्रकार कशाला?"

इथे घिबलीचं कोडं सुटतं.

एआय चित्र कसं बनवतं? त्याला कोट्यवधी चित्रं आणि फोटो त्यांच्या वर्णनांसह दाखवलेले असतात. कुठल्या शब्दासोबत कसले आकार, कसले रंग बहुतेक वेळा येतात हे ते शिकतं. मग तुम्ही शब्द दिले की त्या शब्दांना सगळ्यात जुळेल असं काहीतरी तयार करतं. 'बहुतेक वेळा' हा इथला कळीचा भाग. कोळणीचं चित्र मागितलं की जी कोळीण सगळ्यात जास्त वेळा काढली गेली तिच्याकडेच ते झुकणार. म्हणजे रिसॉर्टची भिंत. हर्णैच्या बाईचा खांद्याने दाबलेला फोन आणि तिचा वैताग त्या ढिगात जवळजवळ नाहीच. वर्णन करून करून तो घालता येईल, पण वर्णन करायला तुम्ही आधी हर्णैला जाऊन बघितलेलं हवं. बघणं हेच तर चित्रकाराचं अर्धं काम.

चित्रकार चिडले ते आणखी एका कारणाने. ज्या चित्रांवर ही यंत्रं शिकली त्यांतली असंख्य चित्रं जिवंत माणसांची होती आणि त्यांना ना विचारलं, ना काही दिलं. कायद्याचा आधार तोकडा पडतो, कारण कॉपीराइट एखाद्या विशिष्ट चित्राला मिळतो, शैलीला मिळत नाही. आणि एका अर्थाने ते बरोबरही आहे. शैलीवर मालकी दिली असती तर मुळगावकरांसारखी रेघ काढणाऱ्या प्रत्येकाला दंड झाला असता. एका माणसाने वीस वर्षं शिकत शिकत दुसऱ्याच्या जवळ जाणं आणि एका यंत्राने एका रात्रीत सगळ्यांना गिळणं हे एकाच नियमात बसवायचं कसं, यावर वेगवेगळ्या देशांत खटले चालू आहेत.

पोरगी हे करायचं म्हणते. पोट भरेल?

कोकणातल्या घरात शेवटी गाडी इथे येतेच.

भरतं, पण एका कामावर नाही. पुस्तकांची चित्रं, मासिकं, कंपन्यांची कामं, स्वतःच्या चित्रांचे प्रिंट आणि वह्या, कार्यशाळा, असं जोडून जोडून भागवावं लागतं. गावाकडे अडचण वेगळी. "एवढं एक चित्र काढून दे गो, तुला काय पाच मिनिटं" असं म्हणणारी माणसं सगळी नात्यातली असतात आणि पैशाचं नाव काढलं की त्यांना राग येतो.

म्हणून कायद्यातल्या थोड्या गोष्टी माहीत असाव्यात. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. चित्र काढलं त्या क्षणी हक्क तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते नसेल तर भारत. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेलं चित्र मात्र, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. आणि हक्क विकून टाकला तरी 'हे चित्र माझं आहे' असं म्हणायचा अधिकार चित्रकाराकडे राहतो, तो कलम ५७ मध्ये आहे. बाकी काही नाही तरी हे कलम पोरीला सांगून ठेवा. गुगलवरून उचललेलं चित्र खालचं नाव कापून जत्रेच्या फ्लेक्सवर लावणं हा आपल्याकडे गुन्हा वाटत नाही, साधा शिरस्ता वाटतो.

शोधायची कुठे?

इन्स्टाग्राम सोपं आहे, पण ते तुम्हाला आवडलेल्यासारखंच आणखी दाखवत बसतं आणि महिन्याभरात सगळीकडे मॉन्स्टेरा होतो. त्यावर माझा उपाय असा: एक आवडलेली चित्रकार घ्यायची आणि ती स्वतः कुणाकुणाला फॉलो करते ते बघायचं. चित्रकारांची आवड आपल्यापेक्षा तिखट असते.

प्रथम बुक्स या प्रकाशनाचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. मुलांची हजारो पुस्तकं फुकट, मराठीतही भरपूर, आणि चित्रकाराचं नाव ठळक दिलेलं. देवरूखात बसून फोनवर वाचता येतं. एखादं चित्र आवडलं की नावावरून त्या चित्रकाराची दुसरी पुस्तकं काढायची. मुलांसाठीचं आहे म्हणून सोडू नका. आपल्याकडे आज सगळ्यात धीट चित्रं मुलांच्या पुस्तकांतच निघतात असं माझं मत आहे.

प्रत्यक्ष बघायचं तर पणजीला डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, २०१६ पासून. सावंतवाडीहून सकाळी निघून रात्री परत येता येतं. गर्दी आणि पार्किंगची तयारी ठेवा. त्याच वाटेवर सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवणारे हात समोर बघायला मिळतात, आणि पिंगुळीला गंगावणे कुटुंबाच्या संग्रहालयात चित्रकथीच्या जुन्या पोथ्या. सहलीच्या बसेस मालवणला पळतात आणि ही दोन्ही ठिकाणं शांत असतात.

आणि दिवाळी अंक. तुमच्या घरात दरवर्षी येणारा कुठलाही घ्या. आतली चित्रं कुणी काढली ते अनुक्रमणिकेत आहे का बघा. लेखकाचं नाव लेखावर, कवीचं कवितेवर, आणि चित्रकारांची सगळ्यांची मिळून एक ओळ, बारीक टायपात, कधी तीही नाही. नसेल तर संपादकांना एक पोस्टकार्ड टाका. पत्ता त्याच पानावर, वर्गणीच्या चौकटीत छापलेला असतो.